मोज्यात गुंडाळलेला चाकू

सूनबाई,

माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या ज्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही, त्यात एकच प्रश्न होता, 'माझ्या पोरीच्या लग्नाला का आला नाहीस? रागावलास का?' तब्येत बिघडली म्हणून विमानतळावरून परतलो, असं मी घरी सांगितलं आणि तू तीन दिवस उशाशी बसलीस. ते खोटं होतं. जुन्या पुस्तकांची जोडलेली पानं कापायचा आमच्या वडिलांचा छोटा चाकू सवयीने खिशात राहिला होता. तपासणीतला माणूस म्हणाला, "आजोबा, हा इथे टाका, नाहीतर मागे फिरा." मी मागे फिरलो. चाकूपायी भावाला चुकवलं, हे लिहायला हात धजेना.

काल दादाकडे जायची बॅग भरताना तू म्हणालीस, "बाबा, राहायला चाललाय की वाचनालय काढायला?" मग मी दोन पुस्तकं काढली आणि चाकू मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवला. विमानतळावर जमा करायच्या सामानात तो चालतो. विमान कंपनीला फोन करून दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा आवाज बदलून.

तुझी झोपमोड नको म्हणून गुपचूप निघतोय. दादासमोर तोंड उघडेल याची मला खात्री नाही. म्हणून त्याला सगळं खरं लिहिलं आणि ते उत्तर काल संध्याकाळी टपालात टाकलं; मी तिथे असतानाच ते पोहोचेल.

बाबा