मैदानाची किल्ली

दादा,

निवडून आल्याआल्या तू मुलींचा रविवारचा अंतिम सामना रद्द केलास आणि मैदानावर स्वतःचा सत्कार ठेवलास. वर निरोप धाडलास, "धाकटीला सांगा, घरचंच कार्य आहे."

या मैदानाची राखण मी वीस वर्षं करतेय. आज मंडपवाले खांब रोवायला आले, त्यांना फाटकातूनच परत पाठवलं आणि खेळपट्टीवर रोलर फिरवत राहिले.

लहानपणी आऊट झालास की तू बॅट उचलून घरी जायचास आणि आमचा खेळ तिथेच संपायचा. आई म्हणायची, "जाऊ दे, बॅट त्याची आहे."

हे पत्र मी पाठवणार नाही. रविवारी सत्काराला फाटकावर येशीलच, तेव्हा तोंडावरच सांगेन. मैदान तुझं नाही आणि किल्ली माझ्या कमरेला आहे.

तुझी धाकटी,
जिला तू एकदाही बॅटिंग दिली नाहीस