खांद्याचं माप

सोमवार

सात नंबरची खोली आम्हालाच मिळाली. हॉटेलच्या मॅनेजरने काल फोनवर कबूल केलं होतं, आज किल्ली हातात ठेवली तेव्हा खात्री पटली. खोली म्हणजे नुसती गंमत आहे. सगळं सामान दीडपट मोठं. पलंगावर चढायला शिडी, खुर्चीत बसलं की पाय लोंबकळतात, दाराची मूठ माझ्या नाकाशी. मोठ्यांना पुन्हा लहान झाल्यासारखं वाटावं म्हणून कुणा हौशी मालकाने बनवून घेतलेली. दादाने आईला उचलून पलंगावर बसवलं, तर ती पाय हलवत विचारते, शाळा कधी सुटणार? हाडांच्या दुखण्याने अंथरूण धरल्यापासून आज पहिल्यांदा हसली. डॉक्टरांनी हात टेकलेत. तिला हवं तिथे घेऊन जा म्हणाले. मासिकातला फोटो दाखवून तिने ही खोली मागितली.

दादा घोरतो, म्हणून त्याची रवानगी शेजारच्या साध्या खोलीत.

मंगळवार

आईने गोळी मागितली नाही. दुखतच नाही म्हणे. दुपारी व्हरांड्यात न्यायला गेलो, तर उंबरा ओलांडताच कळवळली. आत आणली तशी शांत. दादा म्हणाला, या खोलीलाच डॉक्टर म्हणायला हवं. गाऊन तिला सैल होतोय. मी शिवणकाम करणारी, सुईदोरा पर्समध्ये असतोच. दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. आजारात माणूस आटतंच.

बुधवार

पुन्हा सैल. बाह्या बोटांवरून खाली आल्या. टेप काढली. माझ्या लग्नाआधीपासून तिचे कपडे मीच शिवते, तिची मापं मला पाठ आहेत. आजारपणात कंबर जाते, दंड जातात. खांदा जात नाही, तो हाडाचा असतो.

आईचा खांदा चार बोटं कमी भरला.

दादा म्हणाला, तू नीट धरली नसशील टेप. त्याला कामावर जाणं भाग होतं. शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.

गुरुवार

शिडी आता तिला चढवत नाही. केस काळे दिसतात, उजेडामुळे असेल. मॅनेजरला गाठलं. तो आधी म्हणाला, लोक इथून खुशीत जातात. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, दुखणाईत माणसाला आम्ही ही खोली देत नाही, तुम्ही सांगितलंच नाहीत. खरंय. दादाने मुद्दामच सांगितलं नव्हतं.

माझे कपडे मला नेमके बसतात. मीही याच पलंगावर झोपते, पण खोलीला मी नको आहे.

आईला उचलून दाराशी नेलं. एवढं हलकं ओझं. तिचा हात उंबऱ्याबाहेर गेला मात्र, अशी किंचाळली की—

परत आणली.

शुक्रवार, सकाळ

गाऊन कापून फ्रॉक शिवला. टाके सरळ आले. तिने स्वतःभोवती गिरकी घेतली. दादा कोण, ते तिला आठवत नाही. मी कोण, तेही नाही. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली,

"आई, मला घरी नको नेऊस. तिकडे दुखतं."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार—

शुक्रवार, संध्याकाळ

बोलणं गेलं. फ्रॉकचं झबलं केलं. कुशीत मावते. बाहेर नेलं तर तेवढ्या जिवाला ते सगळं दुखणं— नाही नेलं तर—

दादाला फोन केला. नुसतं ये म्हटलं. आणि फोन ठेवला.

शनिवार

झबलंही मोठं झालं. आता कापायला काही उरलं नाही. रुमालात गुंडाळली आहे. झोपेत हसते. दुखत नाही तिला, एवढं खरं—

दादाचा फोन. वळणापाशी आलोय, आईला तयार ठेव म्हणाला.

जिन्यावर त्याची पावलं. तो दार उघडेल, आणि माझ्या ओंजळीत—