तारेविना घर

२ मार्च, सकाळी ७
गाडी आली. आधी पाव पोचवायची, अजून आत यीस्टचा वास आहे. आता हे आमचं फिरतं घर.

तेहतीस वर्षं वर्गात आणि व्यासपीठावर स्वावलंबन शिकवलं, आणि स्वतः भिंतीतल्या तीन भोकांवर जगत आलो. भोकामागे तार, तारेमागे खांब, खांबामागे कंपनी, आणि कंपनीच्या हातात आपली मान. आता पुरे. वीज आपली आपण करायची. तीही चिमणीएवढी नाही, घरात असते तशी. फ्रिज, पंखा, मिक्सर, दिवे. तडजोड नाही.

सोलर पॅनल छतावर मीच चढवलं. कंबर धरली आहे.

३ मार्च
हिच्याशी बोलणी झाली. हिला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. दोन वर्षं नाकावर मास्क लावून झोपते, बाजूला मशीन चालू असतं. एकही रात्र चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणाली, तीन महिने तुमच्याबरोबर फिरायला येते, पण आधी अंगणात चार रात्री गाडीत झोपू. चारही रात्री मशीन चाललं तर येते. बंद पडलं तर तुम्ही एकटे जा, आणि मला परत विचारू नका.

अट रास्त आहे. मान्य केली. एकट्याने जाण्यात अर्थ नाही. तळ्याकाठी उठून बोलणार कोणाशी?

५ मार्च
हिशोब केला. पॅनल तीनशे वॅटचं, दिवस बारा तासांचा, म्हणजे रोज तीन हजार सहाशे. मशीनला रात्रभरात लागतात जेमतेम तीनशे. उरलेल्या विजेचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. शेजाऱ्यांना देता येईल.

७ मार्च
वायरमन येऊन गेला. माझाच जुना विद्यार्थी. तेव्हाही नकारघंटा होता. हिशोब दाखवला तर म्हणाला, सर, सूर्य काय तुमच्या वर्गातला पोरगा आहे का, बारा तास उभा राहायला? मोजून पाच तास धरा, तेही गाडी उघड्या उन्हात असेल तर. घरचा फ्रिज गाडीत नका ठेवू, एकटा सगळी बॅटरी पिऊन टाकेल. आणि काकूंचं मशीन इन्व्हर्टरवर न लावता बॅटरीला थेट जोडून देतो, कमी खाईल.

त्याला शांतपणे समजावलं, की प्रश्न वॅटचा नाही, तत्त्वाचा आहे. घरात जसा प्लग, तसा गाडीत प्लग. बॅटरीला तार डकवून जगणं म्हणजे पुन्हा लाचारी. तो ऐकत होता. मग म्हणाला, सर, मला अजून दोन ठिकाणी जायचंय.

असल्या माणसांमुळेच चळवळी मरतात.

९ मार्च
गाडी उन्हात भट्टीसारखी तापते. ही पाच मिनिटं आत बसली आणि पदराने वारा घेत बाहेर आली. गाडी कुंपणाजवळच्या मोठ्या झाडाखाली घेतली. आत छान गार. वायरमनला फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, सर, पॅनल कुठंय? म्हटलं, छतावर. म्हणाला, आणि छत कुठंय?

उद्धटपणा. पानांमधून ऊन येतंच की.

११ मार्च
फ्रिज आत घेतला. दार काढावं लागलं, फ्रिजचं नाही, गाडीचं. परत बसवताना बिजागरी वाकली. दार आता दोरीने बांधतो. प्रवासाला निघेपर्यंत होईल.

फार दमतो हल्ली. निवृत्तीनंतर माणूस विश्रांती घेतो असं ऐकून होतो.

१३ मार्च
इन्व्हर्टर बॅटरी उतरली की पिपाणी वाजवतो. आज दुपारभर वाजवत होता. अशाने आत्मविश्वास खचतो. आतली बारीक वायर काढून टाकली, आता गप्प आहे. संध्याकाळी सुरुवातीपुरती म्हणून घरातल्या प्लगवरून बॅटरी पूर्ण भरून घेतली. हा शेवटचा ऋणानुबंध. मग ती तार गुंडाळून माळ्यावर टाकली.

१५ मार्च, सकाळी ६
पहिली रात्र झाली. हिला विचारलं, चाललं? म्हणाली, चाललं.

चाललं. मी इतकी वर्षं इतकी भाषणं दिली, पण एका शब्दात इतकं कधी बोलता आलं नाही. वायरमनला मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.

१६ मार्च
दुसरी रात्र. चाललं, म्हणाली. फ्रिजचा आतला दिवा लागला नाही. बल्ब गेला असणार. घरचीच वस्तू, जुनी आहे.

वाचनालयातून फोन. अठराला सदस्यांसमोर स्वावलंबनावर बोलाल का? लगेच हो म्हटलं. विषय दिला: तारेविना घर.

१७ मार्च
तिसरी रात्र. विचारायच्या आधीच ही म्हणाली, चाललं हो. डोळे जरा सुजलेले वाटले. मोकळ्या हवेत झोप कमी लागते, शरीर ताजं राहतं, असं मी पूर्वी कुठंतरी वाचलंय. भाजी निवडता निवडता हिला डुलकी लागली आणि निवडलेली न निवडलेलीत पडली. तिने पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. मी भाषणाचे मुद्दे काढत होतो.

१८ मार्च
सकाळी: चौथी रात्र पार. चाललं, म्हणाली. अट पूर्ण झाली. मी कौतुकाने हिच्या डोक्यावर हात ठेवला, तो हिने बाजूला केला आणि चहा टाकायला घरात गेली. गाडीतली केटली का नाही वापरली, असं विचारलं. म्हणाली, राहू दे.

संध्याकाळी: भाषण एक तास वीस मिनिटं झालं. सतरा माणसं होती. म्हटलं, ज्याच्या घरात दुसऱ्याची तार येते, त्याच्या घरात दुसऱ्याची सत्ता येते. टाळ्या पडल्या. माझ्या पत्नीने चार रात्री याची प्रचीती घेतली आहे, असं सांगून पहिल्या रांगेकडे हात केला. ही डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होती. शेजारच्या बाईंनी कोपराने हलवल्यावर एकदम उठून उभी राहिली आणि म्हणाली, चाललं, चाललं. लोक हसले. कौतुकानेच असणार.

२० मार्च
मुलगी आली. दर महिन्याला ती हिच्या मशीनमधला रिपोर्ट मोबाइलवर घेते आणि डॉक्टरांना पाठवते. मला हे माहीत होतं की नाही, आठवत नाही. मशीन किती वेळ चाललं, ते त्याच्यात मिनिटागणिक लिहिलेलं असतं.

मुलीने बाहेर ओट्यावर बोलावलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. पहिली रात्र, सहा तास पन्नास मिनिटं. दुसरी, तीन तास दहा. तिसरी, दोन तास पाच. चौथी, चाळीस मिनिटं.

म्हटलं, मशीन बिघडलं असेल. मुलगी म्हणाली, बाबा.

आणि मोबाइल परत घेतला.

ही आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं. म्हणाली, बंद पडलं की जाग यायची. मास्क काढायचा, उशी पाठीशी घ्यायची आणि उजाडेपर्यंत बसायचं. आडवं व्हायची भीती वाटायची. तुम्ही घोरत होतात. मी म्हटलं, मला उठवायचं नाही का? मग पहिल्याच वेळी खरं का नाही सांगितलं? तिने टॉवेलची घडी पुरी केली. म्हणाली, तुम्ही सकाळी इतक्या आशेने विचारायचात. आणि नाही म्हटलं असतं तर तासभर ऐकावं लागलं असतं. मला झोप आलेली असायची हो.

मुलीने गाडीतला फ्रिज उघडून पाहिला. बाबा, हे काय गार करत होतात इतके दिवस, असं विचारलं. पाण्याच्या दोन बाटल्या आणि अर्धं लिंबू.

मी काही बोललो नाही. हे पहिल्यांदाच झालं असावं, कारण दोघी माझ्याकडे बघत होत्या.

२१ मार्च
वायरमनला बोलावलं. मी सांगितलं होतं, असं त्याने ऐकवलं नाही, हे त्याचे उपकार. फ्रिज उचलायला हात लावला. मग म्हणाला, सर, आता गाडी उन्हात घेऊन मशीन बॅटरीला थेट जोडू या, जमेल. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, मी अजून चार रात्री नाही देणार.

माळ्यावर चढलो. कंबर धरलेलीच होती. तार काढली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण, अंगणातून गाडीची खिडकी. वायरमनने टोक लावून दिलं. फिरतं घर आता बावीस फूट फिरू शकतं.

मी म्हटलं, घरातच झोप ना. म्हणाली, आजची रात्र गाडीत. गादी बरी आहे.

२२ मार्च, सकाळी ८
ही उशिरा उठली. मी विचारलं, झोप लागली?

लागली, म्हणाली.

ती तोंड धुवायला गेल्यावर मी मशीनच्या पडद्यावर रात्रीचे तास पाहिले. सात तास बावन्न मिनिटं.