फुटलेला आवाज

उमरोळी,
७ डिसेंबर २०२४

चि. तेजल हिस भाग्येशदादाचे अनेक आशीर्वाद.

(तीनच वर्षांनी मोठा असलो तरी आशीर्वाद द्यायचा हक्क मी सोडणार नाही.)

इकडे सुजितमामांकडे सगळे मजेत. मामा कामाला बोईसरला येतात, त्यांच्या डब्याच्या पिशवीतून हे पत्र पाठवतोय. मोबाइलवर लिहिलं तर आई वाचेल, आणि फोनवर मला बोलायचं नाही.

माझा आवाज फुटला तो थेट पप्पांचा होऊन. त्या संध्याकाळी मी बाहेरून फक्त दार उघड एवढंच ओरडलो. आईने उघडलं, तर तू कॉटखाली, दोन्ही हात डोक्यावर. पप्पा घर सोडून गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. तुला तशी पाहिली आणि अभ्यासाचं सांगून मी इकडे निघून आलो.

मनगटं जाड झालीत, मिशी फुटलीय. मामी पप्पांचं नाव घेऊन कौतुकाने म्हणते, हुबेहूब झुंबरराव. बुधवारी ग्राउंडवर वर्गातल्या इंद्रजीतने मला बसका हॉर्न म्हटलं आणि मी त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. तो खाली पडला तरी मारत राहिलो. त्याचा पुढचा दात तुटला. मामांबरोबर त्याच्या घरी जाऊन मी माफी मागून आलो. पण तेजू, मारताना मला बरं वाटलं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

म्हणून मी घरी येणार नाही. आईला काहीतरी कारण सांग. लोभ आहेच, तो दुरूनच ठेव.

तुझा,
दादा

बोईसर,
१६ डिसेंबर २०२४

ती. दादास तेजलचा सा. न. वि. वि.

तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, ते काही पप्पांसारखं झालेलं नाही.

त्या दिवशी मला राग तुझा आला नव्हता, माझ्या हातांचा आला होता. ते आईच्या हातांसारखे आपोआप वर गेले. आईचा ड्रेस मला व्हायला लागलाय. उंची वाढली तशी मी वाकून चालते, आणि आरशात बघते तर खांदे पाडून आईच उभी. तुला मारणारा दिसतो, मला मार खाणारी दिसते.

काल पप्पा आले. कडी तोडली, आईचे केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. रक्त तिच्या डोळ्यात उतरलं. मी कॉटकडे पळाले, पण कॉटखाली मी आता मावत नाही. मग वळले आणि पोळपाट त्यांच्या मनगटावर घातला, केस सुटेपर्यंत. हाड मोडल्याचं ऐकू आलं. शेजारच्या राहीबाईंनी पोलिसांना सांगितलं, पोरीनं बापाला नाय, त्याच्या हाताला मारलंय. पप्पा कोठडीत आहेत, आईच्या भुवईवर टाके पडलेत.

मारताना मलाही बरं वाटलं. नंतर मोरीत जाऊन उलटी झाली. पप्पांना कधी झाल्याचं मला आठवत नाही. कुणाच्या घरी ते माफी मागायलाही गेले नाहीत.

शनिवारी ये, आणि दाराबाहेरून तस्साच ओरड. मला माझे हात बघायचेत. लोभ जवळूनच हवा.

तुझी,
तेजल

बोईसर,
२२ डिसेंबर २०२४

ती. सुजितदादास शैलाचा सा. न.

भाग्येश काल सुखरूप पोचला. फोनवर मला रडू येतं, म्हणून चार ओळी लिहिते. जखम भरतेय, काळजी नसावी.

पोरांचं आपसात काही ठरलं होतं, मला कल्पना नव्हती. मी भाकरी थापत होते. बाहेरून आवाज आला, दार उघड. तेजल ताठ उभी होती, तिचे हात हललेही नाहीत. माझे गेले, पिठासकट डोक्यावर. तिने दार उघडलं तेव्हा माझ्या पोराने मला तशी पाहिली आणि चप्पल न काढताच मागे फिरला.

मी धावत जाऊन त्याचा शर्ट धरला. बाहेर उभा राहा आणि पुन्हा ओरड म्हटलं. तो रडत होता, तरी ओरडला. हात पुन्हा गेले. मी पुन्हा ओरडायला लावलं. चाळ बघायला जमली. राहीबाई येऊन माझ्याजवळ बसल्या. अंधार पडेपर्यंत माझं पोरगं त्याच्या बापाच्या आवाजात दार उघड म्हणत होतं. शेवटी एकदा माझे हात परातीतच राहिले, तेव्हा मी स्वतः उठून दार उघडलं.

आता तो इथेच राहील. त्याची पुस्तकं डब्याच्या पिशवीतून थोडी थोडी पाठव. आणि वहिनींना सांग, तो हुबेहूब कुणासारखा दिसतो ते त्याला पुन्हा सांगू नये. तुझी माया आहे म्हणून एवढं हक्काने लिहिलं.

तुझी,
शैला