बाबा रागावले तर फोन कर

चँडलर, ॲरिझोना
शनिवार

प्रिय आई,
इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. ऊन अजून मी म्हणतंय, पण घरात एसी आहे, काळजी करू नकोस. तुझ्या नातवाची सर्दी गेली. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

फोनवर बाबा तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र लिहितेय.

माझ्या ऑफिसात वुलान आहे, इंडोनेशियाची. तिच्या बोलण्यात इंग्रजी शब्द आला की तिचे वडील तिला फोनवरच थांबवतात आणि त्यांच्या भाषेतला शब्द म्हणायला लावतात. परवा जेवताना ती वैतागून सांगत होती. अगदी आपले बाबा! सगळे हसले. मी मात्र डबा तसाच बंद केला.

कारण गेल्या रविवारी मी मुद्दाम म्हटलं, "बाबा, डेंटिस्टची अपॉइंटमेंट कॅन्सल केली." आणि वाट बघत राहिले. माझ्या लग्नात 'टाइम झाला' म्हणणाऱ्या भटजींनाही अडवणारे आपले बाबा नुसतं "ओके" म्हणाले.

हॉस्पिटलमधून आल्यापासून जरा थकलेत, असं तू म्हणतेस. आई, तेवढंच आहे ना गं?

सोबत त्यांच्यासाठी वेगळा कागद ठेवलाय. त्यात ओळीओळीत इंग्रजी घातलंय. दुपारी चहा झाला की त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. एका शब्दावर जरी चिडले, तरी लगेच फोन कर. मी झोपले असले तरी उठव.

तुझी,
स्वानंदी