दुकान, स्पीकर आणि मामांचे नाणे यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, धंदा जुने रेकॉर्ड प्लेयर आणि स्पीकर दुरुस्त करणे, गल्लीत 'सुई' या नावाने परिचित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि प्रत्येक ऱ्हस्वदीर्घ शब्दकोशात तपासून लिहीत आहे. शाळा नववीत सुटली, शुद्धलेखन सुटले नाही. उद्या माझ्या पित्ताशयातले खडे काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे काहीच नाही. तेव्हापासून मी घाबरलो आहे.

आई-बाबा हयात नाहीत. मागे थोरली ताई आणि सख्खे मामा एवढेच. दुकानाची जागा आईची, आता माझ्या नावावर आहे. माझ्यानंतरही तिथे दुरुस्तीच चालावी, अशी माझी इच्छा आहे. मामांना तिथे मोबाइलची कव्हरे विकायची आहेत.

कलम १. सर्व हत्यारे, रबरी पट्ट्यांचे डबे आणि स्पीकरच्या फाटक्या कडा बदलण्याचे सामान ताईला द्यावे. दुपारचे निम्मे काम तीच करते. पट्टा ढिला झाला की गाणे किंचित डुलते, ते माझ्याआधी तिला कळते. मृत्युपत्राचे कळल्यावर ती म्हणाली, "मेलास तर याद राख, सगळी धूळ मला एकटीला पुसावी लागेल." हे तिचे रडणे आहे, असे मी धरतो.

कलम २. शेजारचे सलूनवाले काका दोन वर्षे तक्रार करत आहेत की माझ्या मोठ्या स्पीकरांमुळे त्यांचा आरसा थरथरतो आणि गिऱ्हाइकांचे कल्ले वाकडे होतात. ते दोन्ही स्पीकर काकांना द्यावेत. आरसा पुढेही थरथरेल, पण भांडायला कोणी उरणार नाही.

ज्या साहेबांना नवी वायर लावल्यावर आवाजात 'ऊब' ऐकू आली, त्यांना ती जुनी वायर द्यावी. ती मी बदललीच नव्हती. साहेब ऐकण्यात दंग होते, मला बोलू देईनात.

कलम ३. दुकानाची जागा मी मामांना देत आहे. ताईने इथे कागद फाडू नये. पुढे कलम ५ आहे.

कलम ४. बाबांचा रेकॉर्ड प्लेयर ताईचा. तो मामांनी एकदा घरच्या पार्टीसाठी नेला होता. सुई उडत होती. सुईवरची धूळ फुंकायची सोडून मामांनी वजन पडावे म्हणून सुईच्या दांड्यावर नाणे चिकटवले आणि रात्रभर गाणी वाजवली. बाबांची सगळ्यांत आवडती रेकॉर्ड अशी खरवडली गेली, की त्यातली बाई तेव्हापासून सर्दी झाल्यासारखी गाते. बाबांनी विचारले तर मामा म्हणाले, "उड्या मारत होती, जरा शिस्त लावली." बाबांनी ते नाणे काढून खणात ठेवले. तोच प्लेयर उघडून बसता बसता मी हा धंदा शिकलो, त्यामुळे मामांचे उपकार नाहीत असे म्हणता येत नाही.

कलम ५. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, असे वकीलबाईंनी सांगितले. मामा स्वतःहून पुढे झाले. "घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?" वकीलबाईंनी मला दुसरीही एक गोष्ट सांगितली होती: जो साक्षीला, तो वाटणीला नाही. साक्षीदाराला दिलेले त्याला मिळत नाही. ते कोणाकडे जावे हे आपण लिहून ठेवावे. म्हणून ठळक अक्षरांत लिहितो: मामांना जे मिळणार नाही, ते सर्व ताईला मिळेल.

यात लपवाछपवी नाही. काल मी मामांना या कागदाचा संपूर्ण मसुदा दिला आणि म्हटले, "मामा, आधी सगळं वाचा."

"दुकान कुठल्या कलमात आहे तेवढं दाखव."

मी कलम ३ दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा मिटून खिशात ठेवला.

पुढे कोणी म्हणेल की पोराने हे वेडाच्या भरात लिहिले, तर मी शहाणा होतो याची ग्वाही मामांनीच सहीनिशी दिली आहे.

कलम ६. मामांना रिकाम्या हाताने पाठवू नये. सही करताना कागद पंख्याने उडू नये म्हणून मी त्यावर बाबांच्या खणातले ते नाणे ठेवणार आहे. सही झाली की ते मामांनी न्यावे. ते मी माझ्या हयातीत देत असल्यामुळे कलम ५ त्याच्या आड येत नाही.

मी उद्या वाचलो, तर हा कागद तसाच खणात राहील आणि मी मामांना पूर्वीसारखाच वाकून नमस्कार करीन.

स्थळ: दुकानातले कामाचे टेबल, पंख्याखाली.
दिनांक: १९ ऑगस्ट, शस्त्रक्रियेचा आदला दिवस.

लिहून देणार: सुई (सही)

लिहून देणाऱ्याने आमच्या डोळ्यांदेखत सही केली. तो शुद्धीवर आहे, याची आम्हांला खात्री आहे.

साक्षीदार १: वकीलबाई (सही)
साक्षीदार २: मामा (सही). नाणे मिळाले.