हत्यारांच्या कपाटाच्या उंचीबाबत

मी, धर्माजी भिकाजी ओव्हाळ, धर्म बौद्ध, धंदा सुतारकाम, राहणार लोधिवली, तालुका खालापूर, जिल्हा रायगड, आज माझ्या पडवीत बसून, कोणाच्या धाकाला किंवा गोड बोलण्याला न भुलता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. त्या डोक्याच्या मधोमध जुन्या जखमेची खूण आहे, ती ओळखीसाठी नोंदवावी; ती कशी झाली ते कलम तीनमध्ये येईल. नजर थोडी अधू झाली आहे, पण फळी वाकडी रंधलेली असेल तर अजून रस्त्यावरून कळते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद पुढे आणलाच तर त्यातले अक्षर पाहावे. सुबक असेल तर तो कागद माझा नव्हे.

कलम १. राहते घर, पडवी व मागचे परस ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. माझ्या पश्चात माझी पत्नी विठाबाई हिने ती हयातभर उपभोगावी. तिच्यानंतर घर मुलगा पदू याचे व पडवी मुलगी जना हिची. परसातला फणस दोघांचा. फणसावरून भांडू नये, तो दोघांना पुरून गावाला वाटण्याइतका लागतो. पोस्टातली शिल्लक विठाबाईची. किती आहे हे मला विचारू नये, तिला विचारावे.

कलम २. उंच टेबल विठाबाईला. या टेबलाची हकीकत अशी की, ऐन उमेदीत मी खोपोलीला एका कारखान्यात साच्यांच्या खात्यात होतो. तिथे लोखंड ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करतात. तिथले सगळे काम उभ्याने. उंच टेबलावरच्या शिकंज्यात लाकूड आवळायचे, समोर भिंतीवर कपाट, हात वर केला की हत्यार हातात. मला ती पद्धत फार आवडली. नोकरी सोडून गावात धंदा सुरू केला तेव्हा पहिल्यांदा मी तसेच टेबल केले. विठाबाईने त्याच दिवशी त्यावर पाण्याचे हंडे मांडले. मी विचारले तर म्हणाली, “अवो, इतकं मजबूत केलंय, त्ये काय रिकामं ठेवायचं?” हंडे अजून तिथेच आहेत. ताबा तिच्याकडे आहेच, मी फक्त कागद करतो.

मनगटी घड्याळ व सायकल पदूला. सायकलची घंटी वाजत नाही. तो मुळातच कोणाला बाजूला हो म्हणायला लाजत नाही, तेव्हा अडचण येणार नाही.

कलम ३. आता मुख्य मिळकत, म्हणजे पडवीतल्या भिंतीवरचे हत्यारांचे कपाट.

मोडीत निघालेल्या एका भातगिरणीची सागवानी तुळई मला मिळाली, तिच्यातून ते घडवले. चारही कोपरे दातांत दात घालून बसवले आहेत, एकही खिळा नाही. दोन्ही दारे नुसत्या फळ्या नाहीत, पेटीसारखी खोल आहेत. डाव्या दारात पटाश्या रांगेने, उजव्यात काटकोन तपासायचा गुण्या, गिरमिटे आणि कानशी. मधल्या खणात रंधे निजतात, त्यांच्यावर करवती. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचा आकार काळ्या रंगाने काढला आहे, म्हणजे एखादे जागेवर नसले तर लांबूनही रिकामी जागा दिसावी. भिंत मातीची असल्यामुळे कपाटाचे बोल्ट भिंतीतल्या खांबांत घेतले. त्या वर्षी घरात दुसरे काही नवे झाले नाही. विठाबाई शेजारणींना सांगत असे, “हत्यारांना बंगला, न् माझ्या मिठाला कोनाडा.”

कपाट मी माझ्या उभ्या छातीच्या उंचीवर टांगले, कारखान्यात होते तसेच. चौकचा माझा मित्र हसन मुकादम, ज्याची लाकडाची वखार आहे व जो स्वतःही कसलेला सुतार आहे, त्याला मुद्दाम बोलावून दाखवले. त्याने सांध्यांवरून नख फिरवले, दारे उघडमीट केली, आणि मग खाली पडलेल्या भुश्श्याकडे बघून हसत सुटला.

“धर्मा, कपाट झ्याक हाय. पन तू बसतोस खाली न् हत्यारं टांगलीस वर!”

“कारखान्यात असंच असतं,” मी म्हणालो.

“कारखान्यात पायाची बोटं बुटात असतात, रं.”

याचा खुलासा करणे भाग आहे. टेबल हंड्यांखाली गेल्यावर मी आपल्याकडचे सगळे सुतार बसतात तसा जमिनीवर बसूनच काम करू लागलो. फळी पायांनी दाबायची, लहान तुकडा अंगठ्यात धरायचा. माझा अर्धा शिकंजा पायाच्या बोटांत आहे. कपाट मात्र कारखान्यासारखे वरच टांगले. म्हणून मी सकाळी सगळी हत्यारे काढून शेजारी पोत्यावर मांडत असे आणि संध्याकाळी पुसून परत टांगत असे. दिवसभर कपाटात नुसते काळे आकार. एकदा दार उघडे असताना मी गिरमिट घ्यायला खालून ताडकन उठलो आणि डोके दाराच्या कडेवर आपटले. कड मी स्वतः रंधून सरळ केली होती, त्यामुळे जखम स्वच्छ झाली.

हसनने ही गोष्ट चौकपासून कर्जतपर्यंत ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर सांगितली. त्याबद्दल मी त्याला मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. उलट त्याला साक्षीदार केले आहे, म्हणजे हे सगळे मुकाट्याने ऐकावे लागेल.

कलम ४. सदर कपाट, आतल्या सर्व हत्यारांसह, मी माझी मुलगी जना हिला देतो.

कारण असे. जना कशेळ्याहून सासर सोडून परत आली. जावयाबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण खालापूरच्या वकिलांनी मृत्युपत्रात शिव्या घालू नका असे बजावले आहे. आल्यावर तिने पडवीत बसून आधी विळ्यांच्या मुठी केल्या, मग पोळपाट, मग पाळणे. आता लोक चौकटी आणि दारे सांगायला येतात व माझ्याकडे न बघता तिच्याशी बोलतात. तिने रंधलेल्या फळीवर हात फिरवला की मला फार आनंद होतो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. तिचे पोट या हत्यारांवर आहे. हत्यारे पोत्यात राहिली तर मी गेल्यावर एखादे भाऊ मागून नेईल, एखादे शेजारी मागून नेईल, आणि पोते कधी हलके झाले ते कळणारही नाही. कपाटात राहिली तर रिकामा आकार बोंब मारील. म्हणून हत्यारे कपाटासकट द्यायची.

अट एकच. कपाट आहे त्या उंचीवरून बोटभरही हलवू नये.

इथपर्यंत लिहून रविवारी मी कागद घरच्यांना वाचून दाखवला. पदू साजगावहून आला होता. तो म्हणाला, “बाबा, बाईमाणसाला येवढी हत्यारं कशाला? विकून टाकू. त्या मधल्या फळ्या काढल्या न् काचंची दारं लावली तर कपाटात टीव्ही मस्त बसतो. मी माप घेतलंय.”

माझ्या हाताने केलेल्या कपाटाचे माझ्या हयातीत माप घेतले! मी जनाकडे पाहिले. वाटले, आता ही भावाला चार शब्द ऐकवील.

ती म्हणाली, “मग दादालाच द्या. टीव्हीला ती उंची चालंल.”

“आनि तुला गं?” विठाबाईने विचारले.

“आये, मी बसून काम करते. दर खेपंला उठू, न् डोकं फोडून घेऊ? हत्यारं खाली आली तर माझी. वर ऱ्हायची तर ती बाबांच्या कपाटाची.”

मी कागद घडी करून ठेवून दिला आणि त्या दिवशी जेवलो नाही. विठाबाईने आग्रहही केला नाही, याची नोंद असावी. रागाचे कारण असे की पोरीचे बोलणे बिनचूक होते, आणि कपाट तिच्याकडे गेले नाही तर ते टीव्हीखाली जाणार हेही मला दिसत होते. भिंतीकडे बघत बरेच दिवस गेले. मग एके सकाळी मी हसनला चौकहून बोलावून आणले. कशाला ते सांगितले नाही. त्यानेही विचारले नाही, नुसता बोल्ट सोडवायचा पाना बरोबर आणला.

कलम ५. कलम चारमधील अट मी याद्वारे रद्द करतो. उंची चुकीची होती असा याचा अर्थ कोणी काढू नये. उभ्या माणसाला ती योग्यच होती.

काम असे झाले. हसनने व मी कपाट खांद्यावर पेलले, जनाने बोल्ट काढले. खाली बसवल्यावर नवी अडचण निघाली: दारे उघडली की समोर ठेवलेल्या फळीवर यायची. मी म्हणालो, “बघ, म्हणून वर होतं.”  जनाने दोन्ही दारे बिजागऱ्यांतून काढली आणि कपाटाच्या डाव्या-उजव्या बाजूला भिंतीवर कायमची उघडी ठोकली. ज्या दारांवर मी सगळ्यात जास्त जीव टाकला, ती आता दारे राहिली नाहीत. मला ते बघवेना, म्हणून मी खाली बसलो आणि काहीतरी करायचे म्हणून एक ढलपी पायात धरली. पटाशीसाठी न बघता हात डावीकडे केला. पटाशी हातात आली. उजवीकडे केला, तर गुण्या.

हसन हसेल म्हणून मी वाट बघितली. तो हसला नाही. म्हणाला, “आरं, आता बोल की काय तरी.”

“उंची ठीक आहे,” मी म्हणालो.

जना माझ्या शेजारी येऊन बसली, हात लांबवून बघितला आणि म्हणाली, “अजून दोन बोटं खाली पायजे व्हतं.”

कपाट आम्ही दोन बोटे खाली घेतले. पुन्हा सगळे बोल्ट.

कलम ६. वरील कारणाने सदर कपाट व त्यातील हत्यारे आजपासून जनाच्या मालकीची झाली असून ती माझ्या मिळकतीत धरू नयेत. जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही, तेव्हा कलम चारही आपोआप संपले. पदूने काढलेले माप त्याने स्वतःजवळ ठेवावे. माझ्यात जोर आहे तोवर मी पडवीत बसून काम करीन, परंतु कोणतेही हत्यार मालकिणीला विचारून घेईन. तिने त्यावर अट घातली आहे की, परत ठेवताना धार लावून ठेवायची, आणि हत्यार वापरले नसले तरी लावायची, कारण तुमच्या हातात गेले म्हणजे तुम्ही ते वापरणारच.

अट मला मान्य आहे.

सही: धर्माजी भिकाजी ओव्हाळ

वरील कागदावर धर्माजीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्याच्यासमोर आमच्या सह्या केल्या. सही करताना तो पूर्ण शुद्धीवर व नेहमीइतकाच हट्टी होता.

साक्षीदार: हसन दाऊद मुकादम, राहणार चौक
साक्षीदार: रजिया हसन मुकादम, राहणार चौक

ठिकाण: लोधिवली, जनाची पडवी
दिनांक: ११ मार्च १९८४